जर्मनीत शिकायला आलेल्यांनो, बस्तान बसलं असं नेमकं कधी वाटलं?

खिडकीपाशी
नमस्कार मंडळी. मी ऑक्टोबरात मास्टर्ससाठी जर्मनीत आलो, पूर्वेकडच्या एका मध्यम शहरात. आज सहा आठवडे झाले. यादीतली जवळजवळ सगळी कामं उरकली आहेत. आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी झाली, आरोग्य विमा झाला, बँकेत खातं उघडलं, सिमकार्ड, जुनी सायकल, जाड जॅकेट, सगळं झालं. तरी सकाळी जाग आली की पहिले दोन-तीन क्षण आपण कुठे आहोत ते कळत नाही, आणि कळलं की पोटात खड्डा पडतो.

घरून रोज फोनवर विचारतात, "झालास ना सेट?" मी रोज "हो" म्हणतो. विद्यापीठात दोघांशी ओळख झाली आहे, पण ती "हॅलो"च्या पुढे सरकत नाही. तिघांच्या व्हेगेत राहतो, खोल्या वेगळ्या आणि स्वयंपाकघर एक. बाकीचे दोघे कायम आपापलं दार लावून बसलेले.

तर प्रश्न असा, की तुम्हाला कधी वाटलं, झालं, आता आपण इथे राहतो? "सहा महिन्यांनी" वगैरे नको, प्रसंग सांगा.

आणि एक किरकोळ शंका. बँकेचं कार्ड आणि टॅक्स नंबर पोस्टाने येणार होते, अजून पत्ता नाही. एवढा वेळ लागतो का?

कटकट्या
सहा आठवड्यांत बस्तान? आमचं सहा वर्षांत बसलं नाही राव. अजून रविवारीच दूध संपतं.

हसरी दुपार
कटकट्या +१. पहिल्या रविवारी मी पिशवी घेऊन निघाले आणि ओळीने तीन सुपरमार्केट बंद. मला वाटलं कुणीतरी मोठा माणूस गेला. शेवटी रेल्वे स्टेशनवरच्या दुकानातून दुप्पट भावाने ब्रेड आणला. दुपारी वेळ होता म्हणून रिकाम्या बाटल्या काचेच्या कंटेनरमध्ये टाकायला गेले, तर वरच्या मजल्यावरच्या आजी खिडकीतून ओरडल्या. रविवारी काच फोडायचा आवाजही चालत नाही.

नाकासमोर
पत्रांना वेळ लागतोच. टॅक्स नंबर आनमेल्डुंगनंतर दोन-तीन आठवड्यांनी येतो. कार्ड एका पाकिटात, पिन दुसऱ्यात, तेही वेगवेगळ्या दिवशी. थांब जरा.

बाकी मन रमतंय की नाही ते नंतर बघ, आधी व्हिसा कधी संपतो ते बघ. आउसलँडरबेहोर्डची, म्हणजे परदेशी लोकांच्या कार्यालयाची टेर्मिन (भेटीची वेळ) मिळायला बऱ्याच शहरांत महिने जातात. व्हिसा संपायच्या आत अर्ज गेलाच पाहिजे. अर्ज वेळेत गेला आणि राहण्याच्या परवान्याचं कार्ड हातात आलं नाही, तर फिक्टसिओन्सबेशायनिगुंग मागून घे, तोवर त्या कागदावर राहता येतं. हा शब्द न अडखळता म्हणता आला की बस्तान बसलं समज.

वेंधळी
खिडकीपाशी, तुझी यादी उरकली यातच तू माझ्या पुढे आहेस. माझं काय झालं ऐक. घरमालकाच्या सहीचा कागद नाही म्हणून आनमेल्डुंग नाही. आनमेल्डुंग नाही म्हणून बँक खातं उघडेना. खातं नाही म्हणून श्पेरकोन्टोतले, म्हणजे व्हिसासाठी अडकवून ठेवलेल्या खात्यातले पैसे निघेनात. आणि पैसे नाहीत म्हणून दुसरं घर मिळेना. कायदा म्हणतो राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत नोंद करा. मी होते पोटभाड्याच्या खोलीत, आणि ती बाई सही द्यायला तयार नव्हती, कारण खोली परस्पर भाड्याने दिलेली तिच्या मालकालाच माहीत नव्हतं. ११,९०४ युरो माझ्याच नावावर कुलूपबंद, महिन्याला ९९२ सुटायचे, आणि मी मैत्रिणीकडून वीस-वीस युरो उसने मागत होते. दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात ना, माझे दोन्ही होते, मधे काच होती.

त्याच्या आधी एक मोठं शहाणपण केलं होतं. इंटरनेटवर सुंदर खोली, भाडं कमी, मालक म्हणे कामासाठी दुसऱ्या देशात आहे, ६०० युरो डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरिअरने येईल. पाठवले. किल्ली अजून येतेय.

नवीन येणाऱ्यांनो, वाचत असाल तर खोली आपण स्वतः किंवा ओळखीच्या कुणी बघितल्याशिवाय एक सेंट देऊ नका. डिपॉझिट तीन महिन्यांच्या काल्टमीटपेक्षा (हीटिंग वगैरे खर्च सोडून नुसत्या भाड्यापेक्षा) जास्त मागता येत नाही, आणि ते तीन हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे. हे मला नंतर कळलं, नेहमीप्रमाणे.

चहाटळ
"किल्ली अजून येतेय" 😂 माफ कर ताई, पण हसू आवरलं नाही.

वेंधळी
हस हस. आता मीही हसते. तेव्हा तीन दिवस जेवले नव्हते.

मार्कवाले काका
रविवारबद्दल तक्रार करणाऱ्यांनो, ही दुकानदारांची लहर नाही. रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून राज्यघटनेत आहे. १९१९ च्या वायमार घटनेचं कलम १३९, ते आजच्या घटनेच्या कलम १४० ने जसंच्या तसं उचललं आहे. तेव्हा दूध शनिवारी आणा.

मी १९९८ साली आलो, खिशात मार्क होते, युरोच्या आधीचं चलन. फोनची कार्डं विकत घ्यायची, मिनिटं संपत आली की मधेच एक बाई बोलायची आणि आईचं वाक्य अर्धं राहायचं. तुमच्यासारखं रोज व्हिडिओवर तोंड दिसत नव्हतं. त्याने सोपं झालं की कठीण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

प्रसंग विचारलास म्हणून सांगतो. जानेवारी २००२, युरोची नाणी हातात आली तो पहिला आठवडा. बेकरीत रांग. गल्ल्यावरची बाई नाणी उलटीपालटी करून बघतेय, पुढचे आजोबा तळहातावर नाणी पसरून तिलाच म्हणतात, तुम्हीच वेचून घ्या. मी चार वर्षं अगदी असाच तळहात पुढे करत आलो होतो. त्या दिवशी रांगेतला प्रत्येक माणूस माझ्याइतकाच नवखा होता. मी घरी येऊन बायकोला, म्हणजे तेव्हाच्या मैत्रिणीला म्हणालो, आज मी कुणाच्या मागे नव्हतो.

पावशेर
काका, क्या बात!

खिडकीपाशी, तुझे व्हेगेवाले दार लावून बसतात, माझा खिडकी उघडून बसायचा. जानेवारी, बाहेर उणे चार, आणि हा गडी सकाळ-संध्याकाळ हीटर बंद करून दहा मिनिटं सताड खिडक्या उघडणार. मी त्याची पाठ वळली की लावणार. दोन आठवडे आमचं शीतयुद्ध चाललं, फ्रिजवर चिठ्ठ्या चिकटवून. त्याच्या चिठ्ठीत एकच शब्द असायचा, लुफ्टेन, म्हणजे हवा खेळू द्या. माझ्या चिठ्ठीत हिमालयाचं चित्र.

मग एक दिवस मी कपाट सरकवलं तर मागची भिंत काळी. बुरशी. खोलीतच कपडे वाळत घालायचे, दिवसातून दोनदा कुकर, आणि खिडक्या घट्ट बंद. त्याने काही न बोलता एक छोटं यंत्र आणून ठेवलं. हवेतला ओलावा ७८ टक्के. म्हणाला, ४० ते ६० हवा, आणि ही भिंत मालकाने बघितली तर आपल्या डिपॉझिटमधून कापेल. "आपल्या" म्हणाला तो. मग शनिवारी दोघांनी मास्क लावून भिंत घासली, आणि घासता घासता कळलं की त्याला वाटत होतं मी त्याच्याशी मुद्दाम बोलत नाही. मला त्याच्याबद्दल तेच वाटत होतं. पुढची दोन वर्षं आम्ही एकत्र राहिलो. खिडकी आता मी उघडतो.

थोडक्यात, दार बंद असणं म्हणजे इथे "मला त्रास देऊ नका" असं नसतं. दार नुसतं बंद असतं. ठोठाव.

गुळगुळीत दगड
माझं मत अनेकांना आवडणार नाही. पहिल्या वर्षी आपल्या माणसांबरोबर राहू नका. मी चार मराठी पोरांबरोबर राहिलो. जेवण मस्त, गप्पा मस्त, आणि दोन वर्षांनी जर्मन किती येतं? "एक पिशवी द्या" एवढं. कोर्स इंग्रजीत आहे म्हणून भाषा लागत नाही हा सगळ्यात मोठा भ्रम. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, त्यातले माझे दहा भाषेच्या वर्गात गेले.

ओसरी
दगड, सपशेल असहमत. मी पहिल्या हिवाळ्यात तापाने फणफणले होते. रात्री दोन वाजता ११६११७ ला फोन लावून, माझी सगळी लक्षणं मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगून, डॉक्टर कुठे बसलेत ते विचारून मला तिथवर घेऊन जाणारी माझी मराठी रूममेट होती. (जिवावर बेतलं तर ११२. रात्री-अपरात्री दवाखाना बंद असताना, पण जीव धोक्यात नसेल तेव्हा ११६११७. दोन्ही फोनमध्ये साठवून ठेवा.) त्या अवस्थेत मला "भाषेचा सराव" नको होता. मला कुणीतरी "काय गं, काय होतंय" असं म्हणायला हवं होतं.

गुळगुळीत दगड
ताई, पण फोनवर जर्मन तीच बोलली ना? म्हणजे तिला येत होतं. मी तेच म्हणतोय.

ओसरी
ते तिला आपल्या माणसांबरोबर राहूनच आलं. आळस तुमचा, खापर चार पोरांवर.

चहाटळ
*खुर्ची सरकवून, पाय पोटाशी घेऊन बसलो आहे*

पावशेर
भांडू नका. भाषेवरून आठवलं, आपल्याला एक फायदा आहे जो कुणी सांगत नाही. आकडे. इंग्रजीतून विचार करणारे पंचवीसला अडखळतात, कारण जर्मन आधी पाच म्हणतात आणि मग वीस. फ्युन्फ-उंड-त्स्वान्त्सिश. अरे, आपण तरी काय म्हणतो? पंच-वीस! एकवीस, बावीस, चौतीस, सगळी गाडी त्याच दिशेने. मी इंग्रजीतून भाषांतर करणं सोडलं त्या दिवसापासून फोन नंबर लिहून घेताना एकदाही चुकलो नाही.

नाकासमोर
आणि एकोणतीसचं काय करायचं? 🙂

पावशेर
एकोणतीसच्या बाबतीत जर्मन सरळ आणि आपण वाकडे. ते आपल्यापाशीच ठेवू.

हसरी दुपार
झी आणि डू पण! माझ्या वर्गातली कॅनडाची मुलगी कुणाला काय म्हणायचं यावरून रडकुंडीला यायची. मी म्हटलं, बाई, हे अहो-जाहो आणि अरे-तुरे आहे, आम्ही दुसरीत असल्यापासून करतोय. फक्त इथे वय नाही बघायचं. विद्यार्थी-विद्यार्थी सरळ डू, कार्यालयात आणि प्राध्यापकांना झी.

तिसरा डाव
सगळे घर आणि भाषा बोलताहेत, अभ्यासाचं कुणी बोलेना, म्हणून लिहितो. आयडी बघून कळलं असेलच.

पहिल्या सेमिस्टरला मी समजलो की आपण वर्गात नाव घातलं म्हणजे परीक्षेलाही नाव गेलं. तसं नसतं. परीक्षेची नोंदणी पोर्टलवर वेगळी करायची, तिला मुदत असते, आणि मुदत उलटली की हात जोडूनही उपयोग होत नाही. माझा एक पेपर असाच गेला. दुसऱ्याला नोंद केली, तयारी झाली नाही, नाव मागे घ्यायची तारीखही चुकली, तर नापास धरलं. इथे १.० सगळ्यात वरचा, ४.० ला कसाबसा पास, ५.० म्हणजे गेला. घरी १.३ मिळाले सांगितलं तेव्हा वडील चिंतेत पडले होते, ते वेगळं.

बहुतेक ठिकाणी एका विषयाला तीनच संधी. नियम विद्यापीठागणिक बदलतात, तुमच्या कोर्सचा प्र्युफुंग्सऑर्डनुंग नावाचा कागद वाचा, कंटाळवाणा असला तरी. तिसऱ्यांदा सक्तीच्या विषयात गेलात की नाव कमी होतं, आणि तोच कोर्स जर्मनीत दुसरीकडेही पुढे चालू ठेवता येत नाही. मी स्टॅटिस्टिक्सच्या तिसऱ्या डावाला बसलो होतो. त्या महिनाभरात मी घरी एकदाही खरं बोललो नाही. रात्री छातीवर कुणीतरी बसल्यासारखं व्हायचं.

शेवटी श्टुडिअरेन्डेनवेर्कच्या समुपदेशन केंद्रात गेलो. हो, तेच जे कॅन्टीन आणि वसतिगृह चालवतात, त्यांच्याकडे समुपदेशकही असतात, बहुतेक ठिकाणी फुकट आणि इंग्रजीतही. तिथल्या बाईंनी मला एकच विचारलं, तुमचा दिवस कसा जातो, तासातासाने लिहून आणा. लिहिताना लक्षात आलं की मी चार दिवसांत कुणाशीही तोंडाने बोललेलो नव्हतो. मग त्यांनी युनिव्हर्सिटीच्या बॅडमिंटनच्या गटात नाव घालायला लावलं. सेमिस्टरची फी अगदी थोडी. मी खेळतो भंगार. पण मंगळवार-गुरुवार आठ वाजता अकरा माणसं माझी वाट बघायची, कारण मी नसलो की जोड्या विषम व्हायच्या.

पेपरला ३.७ मिळाले. पण खिडकीपाशी, तू विचारलेला प्रसंग तो नाही. एका गुरुवारी मी गेलो नाही, आणि साडेआठला मेसेज आला, "कुठे आहेस?" तो.

मार्कवाले काका
तिसरा डाव, शाबास. हे लिहायला धैर्य लागतं.

कटकट्या
डिसेंबर-जानेवारीत हे जास्तच होतं. डिसेंबरात बर्लिनला सूर्य चारच्या आत मावळतो, दक्षिणेकडेही फारसं वेगळं नाही. वर हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे गेली की घरच्या वेळेत आणि आपल्या वेळेत साडेचार तास पडतात, आपण मोकळे होतो तोवर आई-बाबा झोपलेले. दुपारी उजेड असेल तेव्हा बाहेर पडा. लेक्चर बुडलं तरी चालेल. (नाकासमोर ओरडतील.)

नाकासमोर
ओरडतोच आहे. आणि बुडवायची गरज नाही. वेळापत्रकात वेळेपुढे "त्से टे" लिहिलं असेल तर लेक्चर पंधरा मिनिटं उशिरा सुरू होतं, तेवढ्यात चक्कर मार. जर्मनीत उशिरा यायची अधिकृत परवानगी असलेली ही एकमेव जागा.

भिरभिरं
पार्टटाइम कामाचं कुणी लिहिलं नाही. मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस करता येतं. विद्यापीठातलं हीवीचं, म्हणजे विद्यार्थी-सहायकाचं काम त्यात मोजत नाहीत, म्हणून आधी तेच शोधा. स्वतंत्र व्यवसाय म्हणून काही करायचं तर आधी परवानगी लागते, "फ्रीलान्स आहे, चालतंय" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. आणि विमा घेताना स्वस्त खासगीच्या मोहात पडू नका. एकदा सरकारी विम्यातून सूट घेतली की शिक्षण संपेपर्यंत परतीची वाट नाही.

एक मिनिट. खिडकीपाशी, तू वर लिहिलंस सहा आठवडे झाले आणि एकही पत्र नाही? एकही? जाहिरातीचं, विम्याचं, काहीच नाही? तुझं नाव पत्रपेटीवर आहे का?

खिडकीपाशी
पत्रपेटीवर? पत्ता बरोबर दिलाय, घर क्रमांक, पिनकोड, सगळं. पेटीवर आधी राहणाऱ्यांची नावं आहेत.

भिरभिरं
अरे देवा. इथल्या पत्त्यात सहसा फ्लॅट नंबर नसतो! पोस्टमन इमारतीपर्यंत येतो आणि नाव शोधतो. नाव नाही म्हणजे माणूस नाही, पत्र परत. कार्ड, पिन, टॅक्स नंबर, सगळं फिरून गेलं असणार. आजच्या आज कागदावर आडनाव लिही आणि चिकटव. बेलवरही. पक्की पट्टी हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल करणारा माणूस लावेल. तोवर पत्त्यात आपल्या नावाखाली "बाय" (म्हणजे "यांच्याकडे") लिहून पेटीवर ज्याचं नाव आहे त्याचं नाव टाकत जा.

चहाटळ
कागदोपत्री तू अजून आलेलाच नाहीस राव. म्हणून सकाळी कळत नाही कुठे आहोत ते.

वेंधळी
आणि सगळ्यांना वाटत होतं वेंधळी मीच.

नाकासमोर
माझी चूक. मी "थांब जरा" म्हटलं. पेटीचं आधी विचारायला हवं होतं.

खिडकीपाशी
अपडेट देतो, बारा दिवसांनी. सगळ्यांचं वाचलं, तिसरा डाव यांचं दोनदा.

नाव लावलं. हाउसमाइस्टरने नंतर छापील पट्टी बसवली, आडनावातलं एक अक्षर खाऊन. बदलून मागितली नाही. शनिवारी पहिलं पत्र आलं. जिना चढता चढता फोडलं. रुन्डफुंकबायट्राग, म्हणजे सार्वजनिक टीव्ही-रेडिओची फी, महिन्याला १८.३६ युरो भरा. माझ्याकडे टीव्ही नाही, रेडिओ नाही, कार्ड नाही, पिन नाही, आणि आधी हे!

नाकासमोर
टीव्ही असो-नसो, भरावंच लागतं, पण घराला एकदाच, माणशी नाही. व्हेगेत कोण भरतं ते विचार आणि त्याचा फीचा क्रमांक पत्र पाठवणाऱ्यांना कळव, तुझं सुटेल.

खिडकीपाशी
विचारलं. म्हणजे पावशेर यांनी सांगितलं तसं दोघांतल्या एकाचं दार ठोठावलं, पहिल्यांदाच. भरतो तोच. तिघांत ६.१२ येतात. कुणाचा किती वाटा याची यादी फ्रिजच्या बाजूला लावलेली आहे, तिच्यावर माझ्या आधीच्या मुलाचं नाव होतं. माझा वाटा दोन महिने हा व्हेगेवालाच भरत होता आणि मागायला संकोचत होता. मी म्हटलं मला वाटलं तुम्हाला बोलायचं नसतं. तो म्हणाला, तू सारखा फोनवर असायचास. मग पाऊण तास स्वयंपाकघरातच उभे होतो, बसायचं कुणाला सुचलं नाही. यादीत नाव त्याने माझ्यासमोर बदललं, पेटीवरच्या चुकीसकट. मी मग स्पेलिंग सांगितलं.

पहिल्या प्रश्नाचं विचाराल तर अजून माहीत नाही. बँकेने पाकिटं पुन्हा पाठवली आहेत. पिन आलाय, कार्ड नाही.

कटकट्या
मग तोवर पिन पाठ कर. जर्मनमध्ये.